तबकड्यांचा नॉमिनी

माणूस मागे ठेवून जातो त्या वस्तूंचे तीन प्रकार असतात. पहिला प्रकार सगळ्यांना हव्या असणाऱ्या वस्तूंचा. घर, शेत, सोनं, मुदत ठेवी वगैरे. यांची काळजी आपण करायची गरज नसते. ती करायला नातेवाईक तेराव्यापर्यंतसुद्धा थांबत नाहीत. दुसरा प्रकार कोणालाच नको असणाऱ्या वस्तूंचा. कवळी, चष्मा, अर्धवट संपलेल्या औषधाच्या बाटल्या. यांचाही निकाल आठवडाभरात लागतो. तिसरा प्रकार मात्र मोठा चमत्कारिक. या वस्तू कोणालाही नको असतात आणि कोणाच्यानं टाकवतही नाहीत. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, आजीचं जातं, कोणा मामांची हार्मोनियम. आणि या वर्गाचा मॉनिटर शोभावा अशी वस्तू म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या.

'तबकडी' हा शब्द मी लेखात लिहितोय म्हणून वापरतो. घरात आम्ही 'रेकॉर्ड' म्हणतो आणि आई 'रेकाड' म्हणते. तर अशी रेकाडं आमच्याकडे एकशे सदतीस आहेत. त्यातली एकतीस आजोबांची, ७८ फेऱ्यांची. उरलेली एकशे सहा बाबांची, ३३ आणि ४५ फेऱ्यांची. बाबा चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात होते. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, त्या सुमारास ते ऊर्जानगरच्या वसाहतीत राहायला आले. येताना सोबत एक बायको, एक ट्रंक आणि एक रेकॉर्ड प्लेअर होता. बाबांच्या लेखी महत्त्वाचा क्रम याच्या बरोब्बर उलटा होता, असं आईचं म्हणणं.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. सध्या आम्ही वसाहतीतल्या ज्या क्वार्टरमध्ये राहतो ती बायकोच्या नावावर आहे, कारण महानिर्मितीत नोकरी तिची. तबकड्या बाबांच्या नावावर. माझ्या नावावर त्यांच्यावरची धूळ. आता क्वार्टर ही वस्तू कायमची नसते. निवृत्ती आली की किल्ली परत करावी लागते. किल्लीबरोबर एकशे सदतीस तबकड्या परत घ्याव्यात अशी तरतूद महानिर्मितीच्या नियमांत नाही. तेव्हा यांचं काय करायचं, हा प्रश्न आज ना उद्या सोडवायलाच हवा होता.

आपल्याकडे प्रश्न जाहीर झाला रे झाला की उत्तरं घरपोच येतात. पहिलं उत्तर बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं दिलं. तो म्हणाला, "सर, सगळी गाणी फोनवर आहेत. फेकून द्या." हा मुलगा गोड आहे, पण त्याच्या तर्कशास्त्राची मला भीती वाटते. देवाचे फोटोही फोनवर असतात, म्हणून कोणी देव्हारा फेकत नाही. दुसरं उत्तर शेजारच्या काकांचं. "फेकू नका हो, अँटीक आहे! लाखो रुपये येतील." आपल्या घरातल्या जुन्या वस्तूचे लाखो रुपये येतील असं सांगणारा माणूस दर गल्लीत एक असतो. देणारा मात्र कुठल्याच गल्लीत नसतो. तिसरं उत्तर भंगारवाल्याचं. त्यानं एक तबकडी हातात घेतली, वाकवून पाहिली, नखानं टिचकी मारली आणि म्हणाला, "भाऊ, हे लोखंड नाही, तांबं नाही. कायच्या भावानं घेऊ जी?"

या तिघांत मला भंगारवाला सगळ्यात मोठा तत्त्वज्ञ वाटला. मूळ प्रश्न त्यानंच विचारला. हे कायच्या भावानं घ्यायचं?

आधी वस्तू म्हणजे नक्की काय ते पाहू. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. दगडाची पूड, काजळी आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीकशा किड्यांची करामत. पळसाला आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तोटा नाही. म्हणजे शहरातल्या दिवाणखान्यात बालगंधर्व गात होते, ते एका अर्थी जंगलातल्या किड्यांच्या अंगावर उभं राहून. अशा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. जो राग मैफलीत तासभर पुरायचा तो तेवढ्यात उरकावा लागे. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत प्लास्टिकची लाँग प्ले निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. बाबांच्या तबकड्या या जातीच्या.

दोन्ही जातींच्या तबकड्यांवर गाणं म्हणून जे असतं तो खरं म्हणजे एक ओरखडा. बाहेरून आत गोल गोल जाणारा एकच लांबलचक ओरखडा. सुई त्यातून खडखडत जाते आणि त्या खडखडाटाला आपण मारवा म्हणतो. गंमत अशी की प्रत्येक वेळी सुई त्या ओरखड्याला थोडं झिजवते. फार थोडं, पण झिजवतेच. लाखेच्या तबकडीवरची पोलादी सुई तर उलट स्वतःच इतकी झिजे की एका बाजूला एक नवी सुई लावावी, असा कंपनीचा दंडक होता. म्हणजे तबकडी ऐकली की थोडी संपते. आणि जपून ठेवली तर? तर ती न ऐकलेली राहते. न ऐकलेली तबकडी आणि तेवढ्याच आकाराची काळी ताटली यांत फरक काय, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

त्यातून आमचं हवामान. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं पाहिलेला नाही त्याला उन्हाळा हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही. पारा ४७-४८ पर्यंत जातो. अशा वेळी पत्र्याच्या पेटीत आडव्या रचलेल्या लाँग प्ले तबकडीचा पापड होतो. गादीवर चढणाऱ्या सुईचं गाडं मग घाटातल्या एसटीसारखं खालीवर होत राहतं. म्हणून तबकड्या उभ्या ठेवायच्या, भिंतीपासून दूर, उन्हापासून दूर. शिवाय कोळसा आणि राख. ज्या गावात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं सही करता येते, तिथे तबकडी जपणं म्हणजे गिरणीत पांढरी पैरण जपणं. बाबा हे सगळं करत. मऊ फडकं, गोलाकार पुसणं, कडेनंच धरणं. मला त्यांनी इतक्या मायेनं कधी धरल्याचं आठवत नाही. पण मी काही दोन्ही बाजूंनी वाजत नव्हतो.

बाबांचं आणि त्या प्लेअरचं नातं आणखी एका कारणानं खास होतं. ते कारण ऊर्जानगराबाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. आपल्याकडच्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५० असावी लागतात. आमच्या प्लेअरची मोटार या आवर्तनांच्या तालावर फिरायची. १९८० आणि १९९० च्या दशकांत विजेची मागणी इतकी असे की ग्रीडवर ताण येऊन आवर्तनं ५० च्या खाली घसरत, कधी ४९, कधी त्याहूनही कमी. घड्याळं मागे पडत आणि गवई खाली उतरत. ४८.५ आवर्तनं म्हणजे शेकडा ३ चा फरक. तेवढ्यानं चांगल्या कानाला गाणं उतरलेलं कळतं. बाबा रात्रपाळीहून सकाळी घरी यायचे, तबकडी लावायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि म्हणायचे, "ग्रीड बसलंय आज." आणि मग सुट्टीच्या दिवशीही अस्वस्थ व्हायचे. एकटे बाबा काही पश्चिम भारताचं ग्रीड सांभाळत नव्हते. पण सुधीर फडक्यांची पट्टी कंट्रोल रूममधल्या माणसांच्या हाती आहे, ही जबाबदारी त्यांनी मनापासून घेतलेली होती. फोनवरच्या गाण्याला ग्रीडशी काही देणंघेणं नसतं. ते नेहमी अचूक असतं. त्याच्यासाठी कोणाला पाळी करावी लागते असं ऐकणाऱ्याला वाटत नाही.

आता भावाकडे वळू. कारण तबकड्यांना भाव नाही असं मुळीच नाही. उलट अमेरिकेत २०२२ मध्ये नवलच घडलं. त्या वर्षी तिथे ४ कोटी १० लाख नव्या तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी विकल्या गेल्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच तबकडी नगांच्या हिशोबात सीडीच्या पुढे गेली. जिनं तिला मारलं तिच्याच बाराव्याचं जेवण जेवायचं भाग्य फार थोड्यांच्या नशिबी येतं. आपल्याकडेही तरुण मुलं प्लेअर विकत घेऊ लागली आहेत. जुन्या तबकड्यांचा बाजार आहे आणि त्या बाजाराचे नियमही आहेत. तबकडीवर चरा नको. वेष्टन फाटलेलं नको. आणि मुख्य म्हणजे वेष्टनावर कोणी स्वतःचं नाव लिहिलेलं नको. नाव लिहिलेलं असलं की किंमत उतरते.

बाबांनी प्रत्येक वेष्टनावर नाव लिहिलेलं आहे. नाव, तारीख आणि विकत घेतल्याचं गाव. निळ्या शाईत, सरकारी वळणाचं. म्हणजे बाजाराच्या दृष्टीनं बाबांनी आपला सगळा संग्रह स्वतःच्या हातानं खराब करून ठेवला आहे. इथे मला गौहरजान आठवते. १९०२ मध्ये कलकत्त्यात हिंदुस्थानातल्या पहिल्यावहिल्या तबकड्यांसाठी ती गायली, तेव्हा गाणं संपताना आपलं नाव ती इंग्रजीत ठणकावून सांगायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणती बाई गातेय ते कळायला हवं ना! पण आज ती तबकडी ऐकताना अंगावर शहारा येतो तो नेमका त्याच ठिकाणी. गायिकेनं नाव सांगितलं की तिला ऐतिहासिक मोल, आणि ऐकणाऱ्यानं नाव लिहिलं की त्याला घसारा!

आमच्याकडचं गीतरामायण एके ठिकाणी सुई उडवतं. एक शब्द पूर्ण गायब होतो. मी लहानपणापासून ते गाणं त्या शब्दाशिवायच गुणगुणत आलो. माझ्या मुलीनं ते प्रथम फोनवर ऐकलं आणि आईकडे तक्रार नेली, "आजी, फोनमधल्या रामायणात एक शब्द जास्त आहे." बाजार या चऱ्याचे पैसे कापून घेईल. आमच्या घरात मात्र किंमत त्या चऱ्याचीच आहे, कारण बाकीचं रामायण सगळ्यांकडे असतं. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेली ती ५६ गीतं आता जगात कुठेही फुकट ऐकू येतात. तो उडालेला शब्द फक्त ऊर्जानगरात ऐकू येतो.

पण इथेच पाय अडकतो. जी किंमत फक्त आम्हालाच कळते ती आमच्यानंतर शून्य होणार. मग मुलीच्या गळ्यात ती बांधायची कशासाठी? 'आजोबांची आठवण' म्हणून एकशे सदतीस तबकड्या लग्नात रुखवतावर मांडता येत नाहीत. आपल्या हळवेपणाचं ओझं पुढच्या पिढीच्या माळ्यावर चढवणं याला संस्कृती जपणं म्हणतात, असा एक समज आहे. त्या माळ्याचं भाडं कोण भरणार, हे संस्कृती सांगत नाही.

तबकडी जपावी कशी, याचा माझ्या माहितीतला सगळ्यात भव्य नमुना अमेरिकेच्या नासानं घालून दिला आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात गेली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. त्यात बाख आहे, बीथोव्हेन आहे आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ज्या केसरबाई ध्वनिमुद्रणाला सहजासहजी राजी होत नसत, त्यांचा सूर आज माणसानं केलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा दूर गेलेल्या यानावर आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. नासानं तबकडीबरोबर ती वाजवण्याचं साधन आणि सुईसुद्धा पाठवली, आणि कशी वाजवायची त्याची चित्रं वेष्टनावर कोरली. वाटेत कोणी भेटेल याची खात्री नाही, भेटलं तर त्याला कान असतील याची खात्री नाही, तरी सुई दिली. नुसती तबकडी पाठवली असती तर ती जगातली सगळ्यात महागडी अडगळ झाली असती. माणसं मुलांना तबकड्या देतात, सुई देत नाहीत, आणि मग मुलांना किंमत नाही म्हणतात.

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर मी माझ्या हक्काच्या प्रांतात, म्हणजे बँकेत शिरतो. जगातल्या बहुतेक नैतिक प्रश्नांची उत्तरं बँकेच्या परिपत्रकांत असतात. ती कोणी वाचत नाही म्हणून जग अडलं आहे. ज्या खात्यात दोन वर्षांवर खातेदारानं काही व्यवहार केला नाही ते खातं 'निष्क्रिय' होतं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. हा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. त्याचं इंग्रजी नाव भलतंच लांब आहे, पण आम्ही बँकवाले आद्याक्षरं घेऊन त्याला 'डेफ' म्हणतो. डेफ म्हणजे बहिरा. पैशांच्या निधीला हे नाव विनोदी वाटेल, पण अकरा वर्षं न वाजलेल्या तबकड्यांसाठी याहून नेमकं नाव मला सुचलं नसतं. मात्र या निधीची एक खुबी आहे. रक्कम तिथे गेली तरी मालकी जात नाही. खातेदार किंवा त्याचे वारस केव्हाही येऊन मागू शकतात. आणि निष्क्रिय खातं पुन्हा जिवंत करायला आधी तुम्ही कोण ते पटवून द्यावं लागतं, मग एखादा साधा व्यवहार पुरतो.

दुसरं परिपत्रक नॉमिनीचं. लोकांचा ठाम समज असतो की नॉमिनी म्हणजे मालक. काउंटरवर यावरून भाऊ भावाची कॉलर धरतो. प्रत्यक्षात नॉमिनीला फक्त रक्कम हाती घेण्याचा अधिकार असतो. ती खऱ्या हक्कदारांसाठी त्यानं सांभाळायची असते. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हेच सांगितलं. नॉमिनी म्हणजे विश्वस्त. हे मी वर्षानुवर्षं काउंटरवरून लोकांना समजावतो आहे. एका संध्याकाळी ते तबकड्यांसमोर बसून स्वतःला समजावलं. मी या तबकड्यांचा वारस नाही, नॉमिनी आहे. मग हक्कदार कोण? तबकडीवर हक्क एकाच माणसाचा असू शकतो. जो ऐकेल त्याचा. भंगारवाल्याच्या प्रश्नाचंही उत्तर हेच. हा माल कानाच्या भावानं घ्यायचा.

एकदा हे ठरल्यावर मी रीतसर ऑडिटला बसलो. बाबांची एक वही होती. वसाहतीत प्लेअर असलेली घरं थोडी होती आणि माणसं कोकणापासून कोल्हापूरपर्यंत कुठकुठून आलेली. तबकड्यांची देवाणघेवाण जोरात चाले. कोणी काय नेलं, कधी नेलं, कधी परत केलं, सगळं वहीत. त्यात 'शोले'च्या संवादांची तबकडी सर्वाधिक फिरलेली. गब्बरसिंगानं जेवढी क्वार्टर्स पालथी घातली तेवढी मीटर रीडिंग घेणाऱ्यानंही घातली नसतील. वहीप्रमाणे दोन तबकड्या आजतागायत बाहेर आहेत. आणि कपाटात दोन तबकड्या अशा निघाल्या की त्यांच्या वेष्टनांवर बाबांचं नाव नव्हतं. दुसऱ्याच दोन गृहस्थांची नावं होती. त्यांची वहीत नोंद नाही. आलेल्या मालाची नोंद ठेवायची पद्धत बाबांच्या वहीत नव्हती.

बायको म्हणाली, "दोन गेल्या, दोन आल्या. जुळलं की!" शास्त्रीय दृष्ट्या ती वीजनिर्मितीतली आहे. तिथे एका संचाची तूट दुसऱ्या संचानं भरून काढतात. बँकेत हे चालत नाही. एकाकडून आपलं येणं आहे म्हणून दुसऱ्याचं देणं फिटत नाही. मी दोन्ही कुटुंबांचा पत्ता काढला. दोन्ही गृहस्थ हयात नव्हते. कोकणातल्या घरी पार्सल पोचलं, उत्तर आलं, "मिळाली. आईनं हळदीकुंकू लावून ठेवली आहे." त्या घरी ती वाजणार नाही हे मला कळलं. पण देणं ते देणं. घेणाऱ्यानं त्याचं काय करावं हे विचारायचा अधिकार कर्जदाराला नसतो.

नागपूरच्या घरी मी स्वतः गेलो. दार उघडणारा मुलगा माझ्याच वयाचा, वसाहतीतल्या शाळेत मला एक वर्ष पुढे असलेला. त्यानं तबकडी हातात घेतली आणि वेष्टनावरच्या नावाकडेच पाहत राहिला. नाव, तारीख, 'नागपूर, सीताबर्डी'. मग म्हणाला, "बाबांचं अक्षर घरात कुठेच नाही रे. सह्या आहेत बँकेच्या कागदांवर, पण अक्षर नाही." थोड्या वेळानं तबकडी बाहेर काढून त्यानं माझ्या हातात परत दिली. "प्लेअर तुझ्याकडे आहे. ही तू ने. मला हे पुरे." बाजारात ज्या अक्षरामुळे किंमत उतरते त्या अक्षराला काचेची चौकट करून ते आता त्याच्या बैठकीत लटकलं आहे. वेष्टन नागपुरात आणि गाणं ऊर्जानगरात. मालकी कोणाची हे सर्वोच्च न्यायालयानं सांगावं.

उरला मोठा साठा. आजोबांच्या एकतीस तबकड्या आमच्याकडे वाजूच शकत नाहीत. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. त्या कोणी वाजवाव्यात? अशा तबकड्या जमवणारे, त्यांच्या नकला उतरवून याद्या करणारे लोक आपल्याकडे आहेत. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या प्लाशनाल गावी सनी मॅथ्यू यांनी २०१५ मध्ये तबकड्यांचं आणि यंत्रांचं संग्रहालय उघडलं. कायदासुद्धा या बाजूचा आहे. प्रकाशनानंतर ६० वर्षांनी ध्वनिमुद्रणावरचा मालकी हक्क सुटतो आणि ते सगळ्यांचं होतं. आजोबांच्या तबकड्या केव्हाच सगळ्यांच्या झाल्या आहेत. आमच्या माळ्याला तेवढं कळायचं बाकी होतं. त्यांची यादी झाली आहे. जिच्या नकला कोणाकडे नसतील ती आधी जाईल.

राहिल्या बाबांच्या. इथे मी एक सविस्तर योजना मांडली. ती आईनं पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "नॉमिनीचा अधिकार कधी सुरू होतो म्हणालास?" मी म्हटलं, "खातेदार गेल्यावर." "सगळे खातेदार की एक?" संयुक्त खात्याचा हा मुद्दा तिनं काढेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. बाबांनी तबकड्या विकत घेतल्या, पण तोच पगार महिनाअखेरपर्यंत पुरवला तो तिनं. ती म्हणाली, "मी आहे तोवर रेकाडं इथं. दर रविवारी एक लावायची. एकच. दोन लावल्या की दुसरी कोणी ऐकत नाही, नुसती वाजते."

मी लगेच आकडेमोड केली. खातं निष्क्रिय होऊ नये म्हणून दोन वर्षांत एक व्यवहार हवा. दोन वर्षांत रविवार येतात १०४. तबकड्या १३७. म्हणजे ३३ तबकड्या निष्क्रिय होणार, त्या आत्ताच हक्कदारांकडे जायला हव्यात. आजोबांच्या ३१ आणि परक्या नावाच्या २. बरोब्बर ३३! माझ्या नोकरीत पुस्तक इतकं सुरेख कधी जुळलं नव्हतं. मी खुशीत आईला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "आणि नागपूरहून परत आलेली?"

तेव्हा आमच्या खात्यात सध्या तबकड्या १०५ आणि रविवार १०४ अशी स्थिती आहे. एकाचा फरक. बँकेत असा फरक निघाला की आम्ही रात्री नऊपर्यंत दिवे जाळून तो शोधतो. हा फरक कुठे आहे ते मला ठाऊक आहे. वेष्टन नसल्यामुळे आईनं तिला जुन्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलं आहे. तिच्यासाठी वर्षात एखादा सणाचा सोमवार काढावा लागेल असं दिसतंय.